परदेशातून मागवलेले पेन आणि कुरिअरचे दुसरे बिल

जपानमधील एका छोट्या विक्रेत्याकडून मी काही वर्षांपासून फाउंटन पेन, सुटी निब आणि शाई मागवत आलो आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात चांगली पेने मिळत नाहीत असे कोणी म्हणणार नाही, परंतु पायलट कंपनीच्या कस्टम हेरिटेज ९१२ या पेनाला मिळणाऱ्या ‘वेव्हर्ली’ किंवा ‘फॉल्कन’ अशा खास निब हव्या असतील, तर त्या मागवाव्याच लागतात. पेनांविषयी माझी काहीही तक्रार नाही. जपानी निब युरोपीय निबपेक्षा बारीक लिहिते आणि देवनागरीतील वेलांट्या-मात्रांना ती फार मानवते. प्रस्तुत परीक्षण आहे ते या वस्तू माझ्या दारापर्यंत आणणाऱ्या सेवांचे, म्हणजे एक्स्प्रेस कुरिअर, टपाल खाते आणि शुल्क आधीच भरून घेणारे विक्रेते यांचे, आणि त्यातही मुख्यतः त्या दुसऱ्या बिलाचे, जे पैसे भरताना कुठेच दिसत नाही आणि पार्सलाबरोबर येते.

प्रथम एक्स्प्रेस कुरिअर. ज्या आंतरराष्ट्रीय कंपनीची सेवा मी अधिक वापरली तिचे नाव येथे घेत नाही, कारण या क्षेत्रातील इतर कंपन्यांच्या अटीही थोड्याफार फरकाने अशाच आहेत. वाहतूक म्हणून पाहिले तर ही सेवा उत्तम आहे. टोकियोहून निघालेला डबा आठवड्याच्या आत पुण्यात येतो, वाटेतील प्रत्येक टप्पा दिसतो, आणि डब्याचा कोपराही दबलेला नसतो. पार्सल मुंबईत उतरण्याआधीच केवायसीसाठी निरोप येतो, आधारकार्ड किंवा पासपोर्ट एकदा चढवले की पुढच्या वेळी पुन्हा मागत नाहीत, आणि व्यक्तीच्या नावे येणाऱ्या मालासाठी ओळखपत्र लागतेच, त्यामुळे त्याबद्दल कुरकूर करण्यात अर्थ नाही. इथपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर मोबाईलवर एक रक्कम आणि एक दुवा येतो, आणि ती रक्कम भरल्याशिवाय डबा पुढे हलत नाही.

या रकमेचे बिल मागितल्यावर मिळते, आणि ते वाचण्यासारखे असते. दोन पानांच्या त्या कागदावर वरच्या अर्ध्या भागात वस्तूचे वर्णन, येनमधील किंमत आणि सीमाशुल्क विभागाने अधिसूचित केलेला विनिमय दर असतो, जो तुमच्या बँकेने कार्डावर लावलेल्या दराशी जुळत नाही. त्याखाली मूळ सीमाशुल्क, त्यावरील समाजकल्याण अधिभार आणि एकात्मिक जीएसटी अशा ओळी बारीक टाइपात येतात. त्याच्याही खाली, शुल्काचाच एक भाग वाटावा अशा बेताने, कंपनीच्या स्वतःच्या आकारणीची ओळ असते: तुमच्या वतीने सरकारकडे पैसे आगाऊ भरल्याबद्दलचा आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बहुतेक ग्राहक शेवटचा आकडा पाहून ‘सरकारने लुटले’ असे म्हणतात आणि पैसे भरून मोकळे होतात. त्या आकड्यातील सरकारचा वाटा किती आणि कंपनीचा किती, हे वेगळे करून पाहिल्याखेरीज या सेवेचे मूल्यमापन करता येत नाही.

सरकारचा वाटा मोठा असतो हे खरेच. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या वस्तूंकरिता सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९८०४ क्रमांकाचे एक सरसकट शीर्षक, म्हणजे मालाचा वर्ग, आहे, आणि वस्तूला इतरत्र अधिक नेमके शीर्षक असले तरी ती या शीर्षकाच्या अटीत बसत असेल तर हेच लागू होते. म्हणून पेन असो, बूट असो की गिर्यारोहणाचा तंबू, दर एकच पडतो. औषधांना तेवढी सवलत आहे. या शीर्षकाखाली मूळ शुल्क ३५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार आणि मग या सगळ्यासकट झालेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी असा हिशेब होता तेव्हा एकूण भार ७७.२८ टक्क्यांवर जात असे. वाहतुकीसह बारा हजार रुपये मूल्य धरलेल्या पेनावर ४,२०० रुपये शुल्क, ४२० रुपये अधिभार, आणि १६,६२० रुपयांवरचा जीएसटी सुमारे ४,६५४ रुपये, म्हणजे एकूण ९,२७४ रुपये. कर टक्क्यांची साधी बेरीज करून ७३ येतील असे समजणाऱ्याला उरलेले चार टक्के कुठून आले ते कळत नाही. ते करावर लागलेल्या करातून आलेले असतात.

ज्या मूल्यावर हा हिशेब होतो त्यात वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूक आणि विमाही धरतात, आणि नेमका येथेच ग्राहकाच्या बाजूचा एक नियम आहे जो फारसा कोणाला माहीत नसतो. २००७ च्या सीमाशुल्क मूल्यनिर्धारण नियमांनुसार विमानाने आलेल्या मालाचा वाहतूकखर्च, प्रत्यक्षात कितीही झाला असला तरी, मालाच्या मूळ किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक धरता येत नाही. विम्याची रक्कम ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के धरतात. तीन हजारांच्या शाईसाठी अडीच हजार रुपये वाहतूक भरली असेल तर करासाठी मात्र सहाशेच रुपये वाहतूक धरायला हवी. बिल हाती आले की मी सर्वांत आधी ही ओळ पाहतो, आणि आकडा जुळत नसेल तर कंपनीकडे खुलासा मागतो. कंपनीच्या मदत केंद्रातील कर्मचाऱ्याला हा नियम माहीत असण्याची अपेक्षा ठेवू नये. लेखी ईमेल केल्यास ती क्लिअरन्स पाहणाऱ्या विभागाकडे जाते आणि तेथील माणसाला तो माहीत असतो.

अलीकडे दर उतरले आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक आयातीवरील मूळ शुल्क ३५ वरून २० टक्क्यांवर आले, त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीची फेररचना झाली तेव्हा या शीर्षकाचा २८ टक्क्यांचा दर १८ झाला, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले. म्हणजे जो भार एके काळी किमतीच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक होता तो आधी चाळीस-पंचेचाळीसच्या घरात आणि मग तिसाच्या आसपास असा खाली येत गेला. ग्राहकाने खूश व्हावे अशीच ही गोष्ट आहे, पण कुरिअर कंपनीची आकारणी मात्र या काळात उतरलेली नाही. ती शुल्काच्या ठरावीक टक्के किंवा ठरावीक किमान रक्कम, यांपैकी जे अधिक असेल ते, अशी असते; आणि शुल्क कमी झाले की टक्केवारी निरुपयोगी ठरून किमान रक्कमच लागू होते.

याचा परिणाम छोट्या पार्सलांवर फार विचित्र होतो. २०२५ च्या अखेरीस मी मागवलेल्या शाईच्या दोन बाटल्यांचे मूल्य, वाहतूक धरून, अडीच हजारांच्याही आत होते. त्यावर सरकारी शुल्क हजार रुपयांच्या आसपास लागले, आणि ते हजार रुपये दोन-तीन दिवस माझ्या वतीने गुंतवल्याबद्दल कंपनीने ७५० रुपये आणि त्यावर १३५ रुपये जीएसटी लावला. एवढे व्याज गावचा सावकारही मागायला लाजला असता. मी पैसे आगाऊ भरायला तयार आहे, तुम्ही तुमचे पैसे गुंतवू नका, असे लेखी कळवल्यावर उत्तर आले की वैयक्तिक ग्राहकांसाठी अशी सोय नाही आणि आकारणी संकेतस्थळावरील दरपत्रकाप्रमाणेच झाली आहे. दरपत्रक संकेतस्थळावर आहे हे खरे. ते जेथे आहे तेथे पोहोचायला मला बराच वेळ लागला, आणि ज्या पानावर पार्सलचा माग दिसतो त्या पानावरून तेथे जाणारा दुवा नाही.

खरी हरकत रकमेपेक्षाही याच गोष्टीला आहे. माल कोणता, किंमत किती, पाठवणारा कोण, घेणारा कोण, हे सगळे विक्रेत्याने एअरवे बिल, म्हणजे पार्सलाबरोबर जाणारा वाहतुकीचा कागद, तयार केले त्याच दिवशी कंपनीकडे असते. शुल्काचा दर सरकारने छापलेला आहे आणि स्वतःची आकारणी कंपनीने स्वतः ठरवलेली आहे. डबा टोकियोतून हलण्यापूर्वी ग्राहकाला ‘एवढे लागेल’ असे सांगायला अडचण कोणतीच नाही, आणि तरीही तो आकडा पहिल्यांदा दिसतो तो माल मुंबईत उतरल्यावर, जेव्हा नाही म्हणण्याची सोय जवळजवळ संपलेली असते.

त्यात पुन्हा हा निरोप ज्या स्वरूपात येतो ते चिंताजनक आहे. अनोळखी क्रमांक, आखूड केलेला दुवा, ‘आपले पार्सल कस्टममध्ये आहे, त्वरित पैसे भरा’ असा मजकूर: फसवणूक करणारे नेमके याच नमुन्याचे संदेश लाखोंनी पाठवतात, आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ त्याविरुद्ध वारंवार सावध करत असते. सीमाशुल्क अधिकारी फोन करून खासगी खात्यात पैसे मागत नाहीत, आणि मंडळाच्या पत्रव्यवहारावर पडताळून पाहता येणारा दस्तऐवज क्रमांक असतो. २०१९ पासून ती पद्धत आहे. खऱ्या कुरिअर कंपनीच्या निरोपाला अशी कोणतीही खूण नाही. म्हणून दुव्यावर बोट न ठेवता कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन एअरवे बिलाचा क्रमांक टाकणे आणि रक्कम तेथे दिसली तरच भरणे हा एकच मार्ग उरतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या नावे पार्सल मागवू नये असे माझे यामुळेच मत झाले आहे.

टपालाचा अनुभव पूर्णपणे वेगळा आहे. जपान पोस्टाच्या ईएमएस या जलद टपालसेवेने किंवा साध्या नोंदणीकृत पाकिटाने आलेला माल मुंबईला बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवनात जातो, आणि तेथे तो किती काळ राहील हे कोणी सांगू शकत नाही. माग दाखवणाऱ्या पानावर ‘कस्टमने ठेवून घेतले’ अशा अर्थाची ओळ येते आणि मग बरेच दिवस तीच ओळ दिसत राहते. पाकिटावर हिरवी चिठ्ठी असते, तिच्यावर भेट, नमुना, विक्रीचा माल अशा चौकटी आणि किंमत. अधिक मूल्याच्या पार्सलाला याहून सविस्तर घोषणापत्र लागते. पार्सल तपासले असेल तर एका बाजूची मूळ टेप कापून तिच्यावर दुसरी टेप लावलेली दिसते. शेवटी नेहमीचा पोस्टमन येतो, पाकिटाला जोडलेल्या कागदावरचा आकडा दाखवतो, रोख पैसे घेतो आणि पावती देतो. त्या पावतीत शुल्कच मुख्य असते, टपाल खात्याचा स्वतःचा आकार किरकोळ. शाईच्या बाटल्यांसारख्या मालाला त्यामुळे टपालच परवडते. ज्याला वाट पाहणे जमते त्याने टपाल निवडावे. मला ते निबांसाठी जमते, भेट म्हणून ठरावीक तारखेला द्यायच्या पेनासाठी जमत नाही.

तिसरा मार्ग आधीच शुल्क भरून घेणाऱ्या विक्रेत्यांचा. अ‍ॅमेझॉनच्या परदेशी मालाच्या विभागात पैसे भरतानाच ‘इम्पोर्ट फीज डिपॉझिट’ अशी वेगळी रक्कम दिसते, आणि प्रत्यक्ष शुल्क तिच्यापेक्षा कमी निघाले तर फरक परत येतो. युरोपातील काही पेनविक्रेतेही आता ‘शुल्क भरून पाठवू’ आणि ‘शुल्क ग्राहकाकडे’ असे दोन पर्याय देतात. पहिल्यात एकूण आकडा मोठा दिसतो आणि सवयीने हात दुसऱ्याकडे जातो, पण कुरिअरची किमान आकारणी मिळवून पाहिली तर छोट्या खरेदीत पहिलाच स्वस्त पडतो, आणि मोठ्या खरेदीत तरी मनाचा हिशेब चुकत नाही. विक्रेत्याच्या पानावर यांपैकी काहीच लिहिलेले नसेल तर पैसे भरण्याआधी एक ईमेल करून विचारावे. ज्याला हा प्रश्नच कळत नाही त्याच्याकडून मी काही घेत नाही.

काही विक्रेते आपणहून विचारतात, ‘गिफ्ट लिहू का, किंमत कमी दाखवू का?’ हेतू चांगला असतो, पण नकार द्यावा. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला शुल्क नाही ही सवलत भारतात डिसेंबर २०१९ मध्ये संपली. परदेशातील बहिणीने पाठवलेली राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद ठेवले गेले. किंमत खोटी लिहिलेला माल जप्त होऊ शकतो आणि दंड पाठवणाऱ्याला नव्हे, मागवणाऱ्याला होतो, कारण कायद्याच्या नजरेत आयातदार तोच असतो. शिवाय पेन वाटेत हरवले तर भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीएवढीच मिळते.

आकडा आधी सांगणे अशक्य आहे असा युक्तिवाद कुरिअरवाले करतात, तेव्हा मला दिवाळीचा फराळ आठवतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद केली, आणि शुल्क कोणी कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्यामुळे भारतीय टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. पुण्या-मुंबईकडून तिकडच्या मुलाबाळांना चकल्या-अनारसे पाठवणाऱ्या घरांची त्या गणपतीपासून जी तारांबळ झाली ती अनेकांनी पाहिली असेल. १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी तोंडावर असताना, सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या पद्धतीने: जाहीर मूल्याच्या सरसकट ५० टक्के शुल्क पाठवणाऱ्याकडून येथील खिडकीवरच घ्यायचे, म्हणजे तिकडे घेणाऱ्याला काही द्यावे लागणार नाही. दर जाचक होता यात शंका नाही. पण रक्कम खिडकीवर कळत होती, आणि ती ऐकून ज्याला डबा परत घरी न्यायचा त्याला नेता येत होता. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून १५० युरोपर्यंतच्या खरेदीसाठी आणि ब्रिटनने त्याच वर्षाच्या आरंभापासून १३५ पौंडांपर्यंतच्या खरेदीसाठी विक्रीच्या वेळीच मूल्यवर्धित कर घेण्याची व्यवस्था केली आहे, त्यामुळे तिकडच्या मराठी ग्राहकाला छोट्या खरेदीत तरी हा धक्का फारसा बसत नाही. जे काम टपाल खात्याची खिडकी करू शकते ते करायला अद्ययावत यंत्रणा बाळगणाऱ्या कंपनीला जमू नये, हे पटत नाही. या कंपनीच्या वाहतुकीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि बिलाला एक, तोही मागितल्यावर का होईना पण तपशील देते म्हणून.

राहिला प्रश्न पार्सल नाकारण्याचा. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे माल सोडण्याचा आदेश निघण्यापूर्वी आयातदाराला त्यावरील हक्क सोडून देता येतो आणि मग त्याला शुल्क द्यावे लागत नाही. परंतु एक्स्प्रेस सेवेत कंपनी पैसे भरून माल सोडवते आणि बऱ्याचदा निरोप त्यानंतर पाठवते, त्यामुळे तुम्हाला रक्कम कळते तोवर ही तरतूद हातातून गेलेली असू शकते. माल परत पाठवून शुल्क मागायचे तर कलम ७४ आहे. न वापरलेला, ओळख पटवता येईल असा माल दोन वर्षांच्या आत परत निर्यात केल्यास ९८ टक्के शुल्क मिळू शकते, मात्र त्यासाठी लागणारी निर्यातीची कागदपत्रे एका पेनासाठी करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. बदली म्हणून फुकट आलेल्या वस्तूलाही शुल्क चुकत नाही, कारण तिचेही मूल्य धरले जाते. माझ्या एका पेनाची निब खरवडत होती, विक्रेत्याने तत्परतेने दुसरी पाठवली, आणि त्या फुकटच्या निबवर शुल्क व किमान आकारणी मिळून जी रक्कम झाली तीत स्थानिक कारागिराकडून जुनी निब दोनदा घासून घेता आली असती. आता प्रत्येक मागणीबरोबर मी निब तपासून पाठवण्याची विनंती करतो. विक्रेता ती शाईत बुडवून चार ओळी लिहून पाहतो, तो कागद डब्यात घालतो, आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही.